धागा : ट्रायल कोर्टातल्या वकिलावर स्मरणपुस्तिका – काय गोळा करायचं, काय वगळायचं?

गावशीव (धागाकर्ता)

वडील गेल्या श्रावणात गेले. गावात आणि कोर्टात सगळे त्यांना जिभाऊच म्हणायचे. १९८६ ची सनद. अमळनेर, चोपडा, जळगाव इथे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामं, शेवटपर्यंत ट्रायलचीच. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांचं डेरगं (गेलेल्या माणसाच्या नावाची मातीची घागर) पुजायचं आहे. त्या दिवशी येणाऱ्यांच्या हातात पुस्तिका द्यावी असं घरात ठरलंय. साठ-सत्तर पानं, पाचशे प्रती.

हाताशी आहे ते असं : १९८८ ते २०१८ च्या ३१ कोर्ट डायऱ्या, दोन पेट्या भरून फाइली, चाळीसेक फोटो, वर्तमानपत्राची थोडी कात्रणं. आता पौष चालू आहे, म्हणजे तीनेक महिने मिळतील. कुठून सुरुवात करू? कोणती प्रकरणं छापता येतात? आणि घरातले जिभाऊ कसे मांडायचे?

शिरस्तेदार निवृत्त

पुस्तिकेला हात लावण्याआधी त्या दोन पेट्या उघडा आणि चालू कामं वेगळी काढा. वकील गेला की वकीलपत्र संपतं (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ३ नियम ४). त्याच वकीलपत्रावर दुसऱ्या वकिलाची सही असेल तर त्याच्यापुरतं ते चालू राहतं, म्हणून प्रत्येक फाइलीतली वकीलपत्राची प्रत बघा. एकट्या जिभाऊंची सही असेल तर पक्षकाराला कळवून फाइल परत द्या आणि पोच घ्या. पोचेवर मुकदमा क्रमांक, कागदांची संख्या, मूळ दस्त किती आणि झेरॉक्स किती हे लिहा. मूळ खरेदीखत 'मिळालंच नाही' ही तक्रार पाच वर्षांनी येते आणि तेव्हा ती वारसांच्या दारात येते.

श्रावण उलटून पाच महिने झालेत. मधल्या तारखेला कोणी हजर नसल्यामुळे दावा गैरहजेरीत काढून टाकला असेल तर तो पुन्हा नंबरावर घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांचीच मुदत असते. ती गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत लागतो. वकिलाचा मृत्यू हे कारण ग्राह्य धरलं जातं, पण मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा.

जिभाऊ अधिवक्ता कल्याण निधीचे सभासद असतील तर नामनिर्देशितानं राज्य बार कौन्सिलकडे अर्ज करायचा. तिथेही दाखला लागतो. सभासद नसतील तर काही मिळत नाही. वकीलपत्राला चिकटवायचं कल्याण निधीचं तिकीट वेगळं आणि सभासदत्व वेगळं, यात बऱ्याच घरांची गल्लत होते.

नि पाच

आता 'काय छापायचं' याबद्दल. खुल्या कोर्टात झालं ते घ्या, ऑफिसात झालं ते सोडा. पक्षकारानं वकिलाला सांगितलेली गोष्ट काम संपल्यावरही गुपितच राहते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. त्यात वकिलाचा कारकूनही येतो. म्हणजे जिभाऊंच्या कारकुनानं 'आतल्या' गोष्टी रंगवून सांगितल्या तरी त्या पुस्तिकेत नकोत. कलम वकिलाला बांधतं, मुलाला कुठे, असा वाद घालता येईल. घालू नका. घ्यायचंच असेल तर पक्षकाराची लेखी संमती घ्या.

पुढच्या प्रकरणांना तर नावं गाळूनही हात लावू नका :

लैंगिक अत्याचाराचे खटले. पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नाव टाळून 'चोपडा तालुक्यातल्या एका सरपंचाची सून' लिहिलं तरी अख्ख्या तालुक्याला कळतं. शिवाय कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या कामकाजाबद्दल काही छापणं हाही पुढच्या कलम ७३ खाली गुन्हाच.

बालकांची प्रकरणं, आरोपी बालक असो की पीडित.

घटस्फोट, नांदायला येण्याचे अर्ज. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे हे कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याचा मजकूर छापायला कोर्टाची परवानगी लागते. दंड हजार रुपयांपर्यंतच आहे, पण प्रश्न दंडाचा नाही. ती माणसं आखाजीला तुमच्याच ओसरीवर बसलेली असणार.

उरतं ते खूप आहे. वाटपाचे दावे, बांधाचे, वहिवाटीचे, भूसंपादनाचे संदर्भ अर्ज, मोटार अपघात, मारामारी, खून.

वाघूरकाठ

संमती घेताना नुसतं 'हो' नको. जो मजकूर छापणार तो परिच्छेदच कागदावर काढून खाली सही घ्या. निकाल लागून वीस वर्षं झाली तरी दोन्हीकडचे भाऊ त्याच गल्लीत राहत असतात.

गावशीव

फाइली वेगळ्या केल्या. चालू सात निघाल्या, त्यातल्या पाचांवर ज्युनिअरचीही सही आहे. उरलेल्या दोन पक्षकारांना निरोप धाडला. आता निकाली प्रकरणांचे तपशील कसे मिळवू? डायरीत नुसते क्रमांक आणि आडनावं आहेत.

शिरस्तेदार निवृत्त

डायरीतला क्रमांक हीच किल्ली. रे. मु. नं. म्हणजे नियमित दिवाणी दावा, स्पे. मु. नं. म्हणजे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांकडचा, आर.सी.सी. म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा फौजदारी खटला, नुसतं एस.सी. म्हणजे सेशन्स केस. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. दरखास्तीला नवा क्रमांक पडतो, त्यामुळे एकच भांडण डायरीत दोन-तीन क्रमांकांनी दिसेल. ती तीन प्रकरणं म्हणून मोजू नका.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं किंवा सनद क्रमांकानं शोधता येतं. नावानं शोधताना इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे घालून बघा. आडनाव आधी, नाव आधी, मधलं नाव गाळून. सापडलं की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून घ्या, पुढे तोच लागतो. नव्वदच्या दशकातली निकाली कामं बहुधा तिथे मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी रेकॉर्ड रूम.

सेशन्सचं काम जळगावला चाललं की अतिरिक्त सत्र न्यायालयात, हे आधी पक्कं करा. रेकॉर्ड तिकडेच असतं. शहादा-नवापूरकडची कामं असतील तर आणखी एक लक्षात ठेवा : नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या कामाचा शोध धुळ्यापासून सुरू करा.

नकलेच्या अर्जात क्रमांक, वर्ष, पक्षकार, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहायचं. 'संपूर्ण रेकॉर्ड' लिहाल तर अर्ज परत येईल. तुम्ही पक्षकार नाही, तिऱ्हाईत आहात, त्यामुळे कारणही लिहावं लागतं आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. ज्याचा दावा होता त्या पक्षकाराच्या सहीनं अर्ज केला तर काम लवकर होतं. निकालपत्र आणि हुकूमनामा जास्त टिकतात, बाकीचे कागद मुदत संपली की नष्ट होतात. म्हणून आधी निकालपत्र मागा.

आणि रोजनामा विसरू नका. निकालपत्रात वकिलाचं नाव एकदा येतं, मथळ्यात. कोणत्या दिवशी कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, कोणी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) दिली, उलटतपास किती तारखा चालला हे सगळं रोजनाम्यात. वकिलाचं खरं काम तिथे दिसतं.

अर्ज आत्ताच टाका. आखाजी झाली की उन्हाळी सुटी लागते.

नि पाच

यात जोड : अपिलाचा निकाल सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या निकालावर तिथल्या वकिलाचं नाव असतं, जिभाऊंचं नसतं. पण सत्र न्यायालयातल्या उलटतपासातला एखादा मुद्दा उचलून खंडपीठानं निकाल दिला असेल, तर तो परिच्छेद सोन्यासारखा. त्याच्याशेजारी साक्षीचं ते पान छापा.

स्मरणलेखांत हमखास दिसणाऱ्या चुकाही सांगून ठेवतो.

'शेकडो खटले जिंकले' लिहू नका. डिस्चार्ज म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच सोडणं. निर्दोष मुक्तता म्हणजे पुरावा होऊन सोडणं. तडजोडीनं मिटलेलं काम तिसरं. तिघांची बेरीज करून 'विजय' म्हणाल तर बारमधले लोक पहिल्याच पानावर हसतील.

जुनी कलमं नव्यात बदलू नका. १९९७ चा खून भा.दं.वि. ३०२ च राहणार. नव्या न्याय संहितेत खून १०३ वर आहे, आणि तिथलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं आहे. कोणी प्रूफ तपासताना 'अद्ययावत' करून ठेवलं तर खुनाचा खटला भलतीकडे जाईल.

'ज्येष्ठ वकील' चालेल, 'सीनियर अॅडव्होकेट' नको. तो अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम १६ खालचा दर्जा आहे, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय देतं.

पदवी : १९८६ ची सनद म्हणजे एलएल.बी. पुणे विद्यापीठाची असणार. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला झालं, बहिणाबाईंचं नाव त्याला २०१८ मध्ये लागलं. प्रमाणपत्र बघूनच लिहा.

वाघूरकाठ

विधी सेवेची कामंही मोजा. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला सेशन्सला सरकारी खर्चानं वकील मिळतो. निकालपत्राच्या मथळ्यात तशी नोंद असते. अशा कामाचं मानधन किरकोळ, आणि उलटतपास मात्र तितकाच लांब.

कळण्याची भाकर

साक्षीचं पान छापायचं सुचवलंय, तर भाषेकडे बघा. खालच्या कोर्टाची भाषा मराठी, साक्षीदाराची अहिराणी, चोपड्याच्या वर सातपुड्याकडे गेलं की पावरी. साक्षीदार म्हणतो 'मी दखं नही', म्हणजे मी पाहिलं नाही. कागदावर उतरतं 'मला माहीत नाही'. पहिल्या उत्तरावर पुढचा प्रश्न निघतो, 'मग तू उभा कुठे होतास?' दुसऱ्यावर दार बंद.

वाटपाच्या दाव्यात आणखी मजा. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. एका कान्याचा फरक. वंशावळ सांगताना 'तीन आंडेरी' ऐकणाऱ्यानं 'तीन आंडोर' लिहिले तर हिश्श्याचं सगळं गणित फिरतं. खान्देशात वाढलेला वकील तिथल्या तिथे उठून दुरुस्ती मागतो, बाहेरून आलेल्याला ते कळतही नाही. जिभाऊंच्या टिपणांत अशा दुरुस्त्या सापडल्या तर त्यांचं एक पान स्वतंत्र करा. साक्षीतलं मूळ वाक्य छापील मराठीतच राहू द्या, अहिराणी शेजारी कंसात. उलटं केलंत तर रेकॉर्ड बदलल्यासारखं होईल.

मुलींच्या हिश्श्याचं काम असेल तर सामान्य वाचकासाठी दोन ओळी हव्यातच : महाराष्ट्रात २२ जून १९९४ ला दुरुस्ती आली तेव्हा त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. मधल्या अकरा वर्षांतल्या दाव्यांत लग्नपत्रिका हाच मुख्य पुरावा असायचा. पेटीत जुन्या लग्नपत्रिका का आहेत असा प्रश्न पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

गावशीव

पत्रिकांचा उलगडा झाला, अकरा निघाल्यात! आता घरच्या बाजूचं सांगा. बहिणीनं लिहिलेला मजकूर 'कुटुंबवत्सल, मनमिळाऊ, शिस्तप्रिय' असा आहे. खोटं काहीच नाही, पण कोणाच्याही वडिलांना लागू पडेल.

कळण्याची भाकर

ती तिन्ही विशेषणं काढा आणि डायऱ्या उघडा. वकिलाच्या डायरीत कोर्टाचे रकाने ठरलेले : क्रमांक, पक्षकार, काम कशासाठी, पुढची तारीख. घर असतं समासात. एक पान इथे टंकून टाका, नावं झाकून.

गावशीव

१९९८, जुलैतला एक सोमवार. जसं आहे तसं (नि. म्हणजे निशाणी, उलट म्हणजे उलटतपास, पु. ता. म्हणजे पुढची तारीख) :

रे. मु. नं. (झाकलं) – नि. ५ वर युक्तिवाद – पु. ता. १७
आर.सी.सी. (झाकलं) – पंच क्र. २ उलट – पंच गैरहजर
दरखास्त (झाकलं) – बेलीफ अहवाल
समासात पेन्सिलीनं : 'वह्या दोनरेघी ६, चौकटी ४. चष्मा आईचा, डावी काच. ५.४० ची एस.टी., नाहीतर ६.३०.'

कळण्याची भाकर

हेच! 'डावी काच' लिहिणाऱ्या माणसाला कुटुंबवत्सल म्हणायची गरज उरत नाही. समासातल्या नोंदी वर्षवार उतरवा : शाळेची फी, औषधं, बियाणं, बसच्या वेळा, कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या) रोटाचे गहू. दोन पानं नुसत्या नोंदींची, वर वर्ष, खाली ओळ, मध्ये भाष्य नको.

आणखी एक तपासा. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्या सणाच्या आगेमागे जिभाऊ तारखा घेत होते का? पुढची तारीख देताना कोर्ट वकिलांची सोय विचारतं, त्यामुळे कोरी जागा अपघातानं राहत नाही.

शिरस्तेदार निवृत्त

कल्पना चांगली, पण मोजताना फसाल. आखाजी कधी एप्रिलच्या उत्तरार्धात येते, कधी मेमध्ये. मेमध्ये उन्हाळी सुटी असते, तेव्हा पान कोरंच असणार, त्यातून काही सिद्ध होत नाही. फक्त एप्रिलमधली वर्षं घ्या. रविवार, दुसरा-चौथा शनिवार वगळा. सणाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन कामाचे दिवस बघा. त्यातही जिल्हाभर सुटी किंवा बारचा बहिष्कार असेल तो दिवस सोडा.

खिळेमास्तर

छपाईचं. ७० पानं नसतात, ६४ असतात नाहीतर ८०. फर्मा (एकत्र छापून घडी घालायचा ताव) १६ पानांचा. ६४ मध्ये बसवा, डेमी १/८, आत ७० किंवा ८० जीएसएम मॅपलिथो कागद, कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड. ६४ ला मधोमध पिन चालते, ८० झाली तर चिकट बांधणी घ्या. ५०० प्रती म्हणजे ऑफसेट. शंभर-दीडशे असत्या तर डिजिटल म्हटलं असतं.

काळ्या कोटातला फोटो हा वकिलांच्या पुस्तिकेतला कायमचा घोटाळा. स्क्रीनवर छान दिसतो, मॅपलिथोवर कोटाचा डाग होतो आणि वर नुसता गळ्यातला पांढरा बँड तरंगतो. मधले टोन उचला, कोटाची कॉलर आणि खिसा वेगळा दिसला पाहिजे. आधी त्याच कागदावर एक पान काढून बघा. जमलं नाही तर तो फोटो कव्हरच्या आतल्या बाजूला आर्ट कार्डवर घ्या.

स्कॅन : साधे फोटो ३०० डीपीआय, पासपोर्ट आकाराचे ६००. कोर्टाचा जांभळा शिक्का असलेले कागद रंगीत स्कॅन करा, मग करडे करा. थेट काळं-पांढरं केलं तर शिक्का उडतो. कार्बन कॉपीचा पातळ कागद असेल तर मागे पांढरा कागद ठेवा, दोन्ही बाजूंना टंकलेलं असेल तर काळा ठेवा, नाहीतर मागची अक्षरं पुढे येतात.

जुना मजकूर श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये) असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर 'ऱ्या', 'र्‍हा' आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'वाऱ्यावर' चं काहीही होतं.

नि पाच

शेवटचं कव्हरबद्दल. घरात कोणी वकिली करत असेल तर त्याचं नाव 'संकलन' म्हणून येऊ द्या, ऑफिसचा पत्ता आणि मोबाइल नको. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियम ३६ नं बंदी आहे आणि पाचशे प्रती पक्षकारांच्या हातात जाणार आहेत. तक्रार करणारा कोणीतरी असतोच.

वाघूरकाठ

पत्ता छापू नका हे पटलं, पण संपर्क तर हवा ना? चुका कळवायला?

नि पाच

घरचा द्या, आईच्या नावानं.

गावशीव

आखाजीचा हिशोब झाला. ३१ डायऱ्या. १६ वर्षं मेमधली, ती सोडली. एप्रिलमधली १५. त्यातल्या १२ वर्षी चारही दिवस कोरे, एका वर्षी तर पानावर आडवी रेघ मारून 'मुली' एवढंच लिहिलंय. उरलेल्या तीन वर्षी नोंदी आहेत : १९९६, २००४, २००९. तिन्ही सेशन्स केसेस, आणि तिन्हींच्या पुढे लाल शाईत 'आरोपी आत'.

शिरस्तेदार निवृत्त

म्हणजे आरोपी कोठडीत, जामीन नाही. तारीख पुढे ढकलली असती तर काम सुटीनंतर जूनमध्ये गेलं असतं.

त्या तीन कामांचे रोजनामे मागवा. १९९६ चा मिळेल की नाही सांगवत नाही, म्हणून तो अर्ज पहिला टाका. तिन्ही अर्ज वेगवेगळे करा, एकत्र नको.

गावशीव

उद्याच जातो. ६४ पानांत बसतं का बघतो.

खिळेमास्तर

बसेल. समासातल्या नोंदी दोन पॉइंट लहान घ्या.